री म्हणजे पुन्हा

आमच्या ऑफिसात शब्दाचा अर्थ लिहून झाला की त्याची उलटी परीक्षा होते. शब्द झाकायचा, नुसता अर्थ मोठ्यानं वाचायचा आणि समोर बसलेल्या टायपिस्टबाईंनी शब्द ओळखायचा. ओळखला तर अर्थ पास. नाही ओळखला तर घ्या पेन आणि बसा परत. इंग्रजी-मराठी शब्दकोशाची नवी आवृत्ती निघतेय. अक्षरं आम्ही आपसांत वाटून घेतलीत आणि माझ्या वाट्याला 'आर' आलाय. त्यातला निम्मा 'आर' म्हणजे नुसतं 'री'. जिकडे बघाल तिकडे पुन्हा, परत, फिरून. ज्या बाईचा एकुलता एक हाताशी आलेला मुलगा गेल्या वर्षी साध्या तापानं गेला, तिला नेमकं हे अक्षर यावं, याला काय म्हणायचं? पण अक्षरं आधी वाटली होती, मुलगा नंतर गेला. बदलून मागितलं असतं तर दिलंही असतं कुणी. पण मी कुणाकडे दया मागायला जात नाही. स्वभावच तसला.

त्या दिवशी 'रीडिस्ट्रिब्युटिव्ह' होता. मी वाचलं, "ज्यांच्याकडे जास्त आहे त्यांच्याकडून काढून, ज्यांच्याकडे कमी आहे त्यांना देणारा."

"दरोडेखोर," टायपिस्टबाई ताबडतोब म्हणाल्या.

सगळे हसले. "अहो, विशेषण आहे," मी म्हणाले.

"मग दरोडेखोर वृत्तीचा. आणि मराठीत काय लिहिलंय तुम्ही?"

"पुनर्वितरणात्मक."

"अगं बाई! हा बोलताना माझी कवळी पडेल."

आमच्या थोरल्या संपादकांना आम्ही पाठीमागे स्वल्पविराम म्हणतो, कारण ते दर दोन शब्दांनी थांबतात. ते म्हणाले, "बाई, तुमचा अर्थ, चुकीचा नाही, पण, जरा, गरम आहे. कोरडा करा. आणि, व्युत्पत्ती, जोडा."

व्युत्पत्ती हा माझा जीव की प्राण. सगळी दुपार त्यातच गेली. लॅटिनमध्ये 'ट्रिबस' म्हणजे टोळी, कूळ. त्याच्यावरून आलं कुळाकुळांना नेमून देणं. पुढे 'डिस' लागला, म्हणजे वेगवेगळं, आणि झालं वाटप. त्याच्या डोक्यावर 'री' बसला, आणि शेपटीला विशेषण करणारा 'इव्ह'. एवढा सरकारी, करांबिरांच्या भाषणातला शब्द, आणि आत उघडून बघितलं तर घरातलीच माणसं बसलेली. मी त्या 'री'कडे बघत बसले. री म्हणजे पुन्हा. म्हणजे वाटणी आधी एकदा झालेली आहे. तेव्हा बरोबर होती, आता राहिली नाही, म्हणून पुन्हा करायची. आणि माझ्या डोक्यात जे शिरलं ते शिरलंच.

आता धाकटीचं सांगते. धाकटी म्हणजे माझी पाठची बहीण. तिला मूल राहायचं आणि जायचं, राहायचं आणि जायचं. शेवटी डॉक्टरांनीच हात टेकले. त्याच सुमाराला मला, माझा मुलगा शाळेत जायला लागून बरीच वर्षं झाली असताना, ध्यानीमनी नसताना दिवस गेले. धाकटी आली, माझ्या पोटाकडे बघत बसली आणि म्हणाली, "ताई, तुला एक आहे. हे मला दे." मी दिली. लोक म्हणाले, काय हो मोठं मन! मनबिन काही मोठं नव्हतं. माझ्या बहिणीचे डोळे मला बघवत नव्हते, बस. कोर्टाचे कागद झाले, पोरगी तिची झाली. लपवाछपवी आम्ही कधीच केली नाही. पोरीला कळायला लागल्यापासून माहीत होतं की ती मावशीच्या पोटातून आली आणि आईच्या घरी राहिली. तिला आम्ही गुंडी म्हणतो, कारण लहानपणी दिसेल ती गुंडी तोंडात घालायची.

आणि गुंडी म्हणजे नुसती आग. भाजी नको म्हणाली की नको. दार आपटायची, पाय आपटायची, धाकटीला "तू वाईट आहेस, आई!" म्हणून ओरडायची आणि पाच मिनिटांत तिच्याच मांडीवर येऊन झोपायची. सगळे म्हणायचे, ही मावशीवर गेलीये. ते ऐकून मी आतल्या आत फुगायची.

त्या शब्दाच्या दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि धाकटीच्या लॉन्ड्रीत गेले. तिचा नवरा बोटीवर नोकरीला, घरात पाहुण्यासारखा येणारा. दुकान तीच चालवते. खाली दुकान, वर घर. ती शर्टांना इस्त्री करून नंबराच्या चिठ्ठ्या टाचत होती आणि मी सरळ विषयाला हात घातला.

"पहिल्या वाटणीच्या वेळी माझ्याकडे एक होतं, एक येणार होतं, आणि तुझ्याकडे काही नव्हतं. म्हणून मी दिलं. बरोबर की चूक?"

"बरोबर," ती म्हणाली. तिला कळेना मी काय बोलतेय.

"आता माझ्याकडे काही नाही आणि तुझ्याकडे आहे."

तिच्या हातातली टाचणी तशीच राहिली. "ताई, अगं एकच आहे ती. एकाची वाटणी कशी करणार?"

"मी दिली तेव्हा तीही एकच होती. तिचे तरी कुठे दोन तुकडे केले होते आपण?"

मी अशी बोलत गेले. पुराव्यानिशी. कोशाची नोंद लिहावी तसं, एकाला एक जोडून, मध्ये फट म्हणून ठेवली नाही. ते माझं कामच आहे, मला येतं ते. तिला नाही येत. ती इस्त्रीवर हात ठेवून ऐकत राहिली आणि खालचा शर्ट जळाल्याचा वास आला तेव्हा दोघींनी एकदमच खाली बघितलं.

तिनं इस्त्री उचलली. जळका शर्ट घडी घालून बाजूला ठेवला. म्हणाली, "तू दिलीस तेव्हा तू मला 'का' म्हणून विचारलं नव्हतंस. आता मी कोणत्या तोंडानं नाही म्हणू? तिची परीक्षा संपली की पाठवते."

घरी आल्यावर यांना सांगितलं. आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर अंधाऱ्या शाफ्टमध्ये वंगणात हात घालून असतात आणि घरी आले की फार बोलत नाहीत. त्यांनी विचारलं, "भांडण जिंकून आलीस, की पोरगी घेऊन आलीस?"

"दोन्ही," मी म्हणाले.

"दिलं ते दिलं असतं गं."

"तुमचा मुलगा नव्हता का तो? तुम्हाला घर खायला उठत नाही का?" मी अशी ओरडले की ते उठून बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मला माहीत होतं त्यांनाही घर खायला उठतं. पण ते गुपचूप त्याला खाऊ देतात, मी देत नाही, एवढाच फरक.

गुंडी आली. धाकटीनंच आणून सोडली, दारातूनच गेली, चहालाही थांबली नाही. बॅग उघडली तर एकेका फ्रॉकला, मोज्यांच्या जोड्यांनासुद्धा, लॉन्ड्रीची चिठ्ठी टाचलेली. हरवू नयेत म्हणून. गुंडी दारात उभी होती. केस चापूनचोपून बसवलेले, बुटाच्या नाड्या बांधलेल्या. म्हणाली, "आई, मी बूट कुठे काढू?"

आई. दीड वर्षात त्या घरात तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले. आनंदानं, दुसरं काय? धाकटीनं तिला पढवून पाठवलं होतं हे मला कळत होतं. मी तर तेवढं मागितलंही नव्हतं. धाकटीचं काम पहिल्यापासून असं, करायचं ते चोख.

पहिले काही दिवस मी हवेत होते. शेजारणीला उगाच थांबवून सांगायची, "चला, आमची गुंडी वाट बघत असेल." ऑफिसातून निघताना टायपिस्टबाई म्हणायच्या, "आज घड्याळाच्या आधी?" आणि मी म्हणायची, "लेक आहे घरी."

मग एकेक दिसायला लागलं.

भाजी वाढली की खायची. कोणतीही. कारल्याची केली एकदा मुद्दाम, तीही खाल्ली, वर म्हणाली, "छान झालीये, आई." फ्रीज उघडायच्या आधी विचारायची. आंघोळीला जायच्या आधी विचारायची. सकाळी अंथरूण असं आवरून ठेवायची की रात्री तिथे कुणी झोपलं होतं असं वाटू नये. दार कधी आपटलं नाही. मी तिच्याशी बोलायला लागले की हातातलं खाली ठेवून ऐकायची. आणि प्रत्येक वाक्याला आई जोडायची. हो, आई. नको, आई. येते, आई. बँकेत लोक साहेब म्हणतात ना, तसं. चुकू नये म्हणून.

"किती शहाणी पोर हो," शेजारीण म्हणाली. मी म्हणाले, "हो ना." आणि आत येऊन मला काय वाटलं सांगू? भीती वाटली.

रोज संध्याकाळी धाकटीचा फोन यायचा. एकदा मी पलीकडे कपडे वाळत घालत होते आणि ऐकू येत होतं. "हं. हो. जेवले. नाही, झोप लागते. हं." मी कान देऊन ऐकायला लागले, आता ही तिला काय हाक मारते. धाकटीला आता मावशी म्हणायचं, असं धाकटीनंच शिकवून पाठवलं होतं. तर ती काहीच म्हणत नव्हती. आई म्हणायचं नाही, मावशी म्हणवत नाही, म्हणून तिनं हाकच टाकून दिली होती. फोन ठेवला आणि तशीच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी ओला टॉवेल हातात धरून तिच्या पाठीकडे बघत होते. माझा पाय पुढे पडला नाही. जाऊन जवळ घ्यावं, तर कोण म्हणून घ्यावं?

मग मी तिच्याशी भांडायला बघू लागले. हसू नका, खरंच. वाटायचं, एकदा ओरडू दे माझ्यावर, एकदा म्हणू दे तू वाईट आहेस. मुलं परक्याशी भांडत नाहीत. भांडली की आपली झाली. उगाच टोचून बोलायची, खेळायला नको जाऊ म्हणायची. "बरं, आई."

एका रविवारी ती दादाच्या खोलीतलं टेबल आवरून बसली होती. दादा म्हणजे माझा मुलगा, ती त्याला दादा म्हणायची. त्याची पुस्तकं, कंपास, मोडक्या घड्याळाचा पट्टा, सगळं तिनं एका कडेला नीट रचून ठेवलं होतं आणि स्वतःची वही उघडली होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "कुणाला विचारून हात लावलास? कुणाचं टेबल आहे हे?"

खरं तर मीच तिला सांगितलं होतं इथे अभ्यासाला बस म्हणून. तिला ते आठवत होतं. मला तिच्या तोंडावर दिसलं की आठवतंय. मी वाट बघत राहिले. बोल ना गं, म्हण ना, तूच सांगितलं होतंस!

"चुकलं माझं, आई," ती म्हणाली.

आणि तिनं एकेक वस्तू उचलून जिथली तिथे ठेवली. कंपास तिरका होता, तो तिरकाच ठेवला. घड्याळाचा पट्टा पुस्तकातून बाहेर लोंबत होता, तसाच लोंबवला. आल्यापासून या पोरीनं प्रत्येक वस्तूची जागा पाठ करून ठेवली होती, कधी ना कधी आपल्याला ओरडा बसणार म्हणून. मी तिथेच पलंगावर बसले. हे दारात आले होते. त्यांनी तिला हात धरून बाहेर नेलं, आइस्क्रीम आणायला जाऊ म्हणाले. मला सुनावलं असतं तर बरं झालं असतं.

सोमवारी स्वल्पविरामांनी विचारलं, "बाई, तो शब्द, झाला का?"

मी नवा अर्थ लिहून नेला होता. टायपिस्टबाईंसमोर वाचला. "पैसा, जमीन, धान्य अशा, ज्यांना स्वतःला काही वाटत नाही अशाच गोष्टी, ज्यांच्याकडे जास्त त्यांच्याकडून काढून ज्यांच्याकडे कमी त्यांना देण्यासंबंधीचा."

टायपिस्टबाईंनी ओळखायचा प्रयत्नही केला नाही.

स्वल्पविरामांनी कागद घेतला. "हे मधलं, 'ज्यांना स्वतःला काही वाटत नाही', हे, कुठून आलं? कोणत्या कोशात, आहे?"

"कुठल्याच नाही."

"मग, काढू?"

"नका काढू हो," मी म्हणाले आणि माझा आवाज फुटला. भर ऑफिसात, सगळ्यांसमोर. इतक्या वर्षांत, मुलगा गेल्यावर कामावर परत आले त्या दिवशीसुद्धा मी तिथे रडले नव्हते. "आधी लिहायला पाहिजे होतं ते. शब्दाच्या अर्थामध्येच ते आधी असायला पाहिजे होतं. मला कुणी सांगितलं नाही."

टायपिस्टबाई उठल्या, मला धरून खिडकीशी नेलं आणि पाण्याचा ग्लास हातात दिला. मागे स्वल्पविराम हळूच तेवढी ओळ खोडत होते. खोडणारच. कोश आहे तो. खाली उदाहरणाचं वाक्य आलं: सरकारने पुनर्वितरणात्मक करधोरण स्वीकारले. त्यावर सही करून मी घरी आले.

गुंडीला म्हणाले, "बॅग भर. तुझ्या आईकडे जायचंय."

तिनं माझ्याकडे बघितलं. मान हलवली. "तू आई आहेस," ती म्हणाली, पाठ केलेलं म्हणतात तसं. तिला वाटलं मी परीक्षाच घेतेय.

"नाही गं राणी," मी म्हणाले. "मी मावशी. मी मावशीच आहे. चुकलं ते माझं चुकलं, तुझं काही नाही." ह्यांनी बॅग भरली. धाकटीनं टाचलेल्या चिठ्ठ्या मी काढून ठेवल्या होत्या, त्या कचऱ्यात गेल्या होत्या. मोजे जुळेनात, तसेच कोंबले.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. तिचा विश्वास बसला नव्हता. वाटेत एकदा बस बंद पडल्यासारखी झाली तर तिनं पुढची दांडी घट्ट धरली, आणि चालू झाल्यावरही सोडली नाही.

लॉन्ड्रीत धाकटी गिऱ्हाइकाचे कपडे मोजून घेत होती. गुंडीनं बॅग दारातच टाकली. काउंटरखालून वाकून आत शिरली आणि दोन्ही मुठींनी धाकटीच्या पाठीत, पोटात, कमरेवर, लागेल तिथे मारायला लागली. "का पाठवलंस? का गं पाठवलंस, आई? मी काय केलं होतं? तू वाईट आहेस! तू लई वाईट आहेस, आई!" घशाची शीर तटतटून फुगली होती. गिऱ्हाईक कपडे तिथेच टाकून निघून गेलं. धाकटीनं एकही हात अडवला नाही. "मार," म्हणत होती, "मार अजून, बाळा," आणि मार खाता खाता खाली बसली आणि दोघी त्या धुवायच्या कपड्यांच्या ढिगात एकमेकींना धरून हंबरडा फोडून रडायला लागल्या.

मी दारात बॅग उचलून उभी होते. एवढे दिवस मी जे मागत होते ना, ते ते होतं. ते धपाटे. त्यातला एक माझ्या वाट्याला आला नव्हता आणि आता कधी येणार नव्हता. कुणाकडून काढून घेऊन तो मला कुणी देऊ शकत नव्हतं. मला धाकटीचा इतका हेवा वाटला की माझा मलाच राग आला.

बऱ्याच वेळानं धाकटीनं वर बघितलं. "ताई, आत ये ना. अशी काय उभीयेस?" मला तिच्या डोळ्याला डोळा देववेना. म्हणाले, "निघते, ह्यांचं जेवण व्हायचंय."

"बस गं मावशी," गुंडी म्हणाली. नाक फ्रॉकला पुसलं, स्टूल ओढून माझ्यापुढे सरकवलं, आतून पाण्याचा तांब्या आणला. एवढ्या दिवसांत ती माझ्याशी पहिल्यांदाच तोलूनमापून न बोलता बोलत होती. इस्त्रीच्या वाफेनं दुकान नुसतं भरलं होतं. माझ्या कपाळावरून घाम ओघळत होता, आणि तिला वाटलं, नुसता घामच आहे.

"थांब, पंखा लावते," ती म्हणाली. "आमच्याकडे फार उकडतं, मावशी."

"हो गं बाई," मी म्हणाले. "तुमच्याकडे फारच उकडतं."